उसने हंडे

सुरगाणा,
१३ सप्टेंबर १९९८

ति. ललिता आत्यास,
उज्वलाचा नमस्कार.

पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. बाचं भात निसवायला लागलंय. आईचा गुडघा दुखतो, पण ती सांगत नाही. मी इथे होस्टेलवर आहे, बारावीचं वर्ष आहे, आणि मला एक गोष्ट विचारायचीय जी इथे कुणालाच धड माहीत नाही. शिष्यवृत्ती शोधतात कुठे?

हसू नकोस हं. परवा बाजारात भजी घेतली, ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून दिली. भजी संपल्यावर मी तुकडा वाचला. छापलेलं काहीही दिसलं की मी वाचतेच. त्यावर होतं, ‘होतकरू व गरजू विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी साहाय्य. अर्ज खालील पत्त्यावर पाठवावेत.’ आणि खाली पत्त्याच्या जागी तेल! उन्हात धरला, उलटा केला, काही उपयोग नाही. मैत्रिणी म्हणाल्या, तुझं नशीब भज्यानं खाल्लं.

सरांना विचारलं. ते म्हणाले, सरकारी तर आपल्याला मिळतेच, त्यात फी भागेल. पण ती यायला वेळ लागतो, तोवर नाशिकला राहणं, जेवण, पुस्तकं याचं काय? त्यासाठी खाजगी संस्था असतात म्हणे. कुठे असतात? ‘नाशिकला असतात’ एवढंच सरांना माहीत. नाशिकला तर तू पण असतेस.

आणि मला खरं कुतूहल वेगळंच आहे. ज्यानं मला कधी पाहिलं नाही, तो माणूस मला का बरं देईल? त्याला काय मिळतं?

आता शिकायचं काय ते सांगते. भूगर्भशास्त्र. म्हणजे जमिनीच्या पोटातलं शास्त्र. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने आभाळ फाटतं, आणि होळी झाली की विहिरीला तळ दिसतो. एवढं पाणी जातं कुठे? बाला विचारलं तर म्हणतो, ‘खाली जातं.’ खाली म्हणजे कुठे? ते सांगणारं कुणी पाड्यावर नाही, म्हणून मी होणार.

उत्तर लवकर दे.
तुझी उज्वला


नाशिक,
४ ऑक्टोबर १९९८

चि. उज्वलास,
ललिता आत्याचे अनेक आशीर्वाद.

अगं बाई, पत्र आहे की प्रश्नपत्रिका? ड्यूटीवरून आले, चहा ठेवला आणि वाचायला बसले, चहा उतू गेला.

आधी माझं म्हणणं ऐक. नर्सिंगला ये. शिकता शिकता विद्यावेतन मिळतं, पुढे नोकरी मिळते, आणि होस्टेलवर मी लक्ष ठेवीन. दगडमाती शिकून तुला नोकरी कोण देणार? दगड? मी इथे आले तेव्हा माझ्याजवळ एक पिशवी होती. आज दोन खोल्या आहेत, नळ आहे. विचार कर.

केलास विचार? नाही ना केलास. माहीत होतं मला. बहिरूदादाचीच पोर तू, एकदा डोक्यात घेतलं की संपलं.

तर ऐक. गेले दोन आठवडे सुट्टीच्या दिवशी मी हेच करत फिरले. शिष्यवृत्ती दुकानात मांडलेली नसते, ती लपलेली असते. वाचनालयाच्या जिन्यात फळा आहे, तिथे एक चिठ्ठी सापडली, पण ती एका जातीच्या मंडळाची. दुसरी फक्त मुलांना. तिसऱ्या ठिकाणी म्हातारा गृहस्थ म्हणाला, ‘आमची शिष्यवृत्ती बंद झाली, पण तुम्ही बसा, चहा घ्या.’ घेतला. शेवटी आमच्या वॉर्डात एक आजी होत्या, त्यांना इंजेक्शन देताना सहज बोलले, तर त्याच म्हणाल्या, ‘फुलाबाईंच्या ट्रस्टला विचारा की.’ इंजेक्शन जरा हळूच दिलं मग.

कै. फुलाबाई स्मृती शिष्यवृत्ती. कुठल्याही शाखेसाठी, अगदी तुझ्या दगडांसाठीसुद्धा. राहण्याजेवणाचा खर्च तीन वर्षं देतात. अर्ज सोबत पाठवलाय. त्यात एक निबंध लिहायचाय, ‘मला काय शिकायचे आहे व का’. खरं खरं लिही. त्यांना खोटेपणा अजिबात चालत नाही, असं तिथल्या बाई दोनदा म्हणाल्या.

आत्या


सुरगाणा,
६ डिसेंबर १९९८

ति. आत्यास नमस्कार.

अर्ज पाठवला! निबंध लिहिताना पानं कमी पडली. आपल्या विहिरीबद्दल लिहिलं. एप्रिलमध्ये गोजराबाई दोर धरून आत उतरते आणि वाटीनं पाणी भरते, वर आम्ही रांग लावून बसतो, एक हंडा भरायला अर्धी सकाळ जाते, हे सगळं लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की मला हे पाणी खाली कुठे जातं ते बघायचं आहे. सर म्हणाले, शेवट जरा मोठ्या शब्दांत कर. मला मोठे शब्द सुचले नाहीत.

बा आणि आई दिवाळी झाल्यावर निफाडकडे द्राक्षाच्या कामाला गेलेत. होळीला येतील. आई म्हणाली, एवढ्या बागा बघितल्या तर तू प्रश्न विचारून मालकाला पळवून लावशील, त्यापेक्षा होस्टेलवर राहा.

आत्या, ह्या फुलाबाई कोण होत्या गं? मी अर्जावर त्यांचं नाव लिहिलं तेव्हापासून विचार करतेय. शिकलेल्या असतील? मोठ्या मनाच्या असतील. मला त्या उंच दिसतात. तू त्या आजींना विचारशील?

उज्वला


नाशिक,
१० फेब्रुवारी १९९९

चि. उज्वलास आशीर्वाद.

घाईत लिहितेय, रात्रपाळी आहे. आजी घरी गेल्या, त्यामुळे फुलाबाई उंच की बुटक्या ते कळलं नाही. तू अभ्यास कर.

ट्रस्टमधून कळलं की तुझा निबंध त्यांनी बाजूला काढून ठेवलाय. आता परीक्षा झाल्यावर दोन माणसं घर बघायला येतील. ती त्यांची पद्धतच आहे. बहिरूदादाला आणि साळूवहिनीला आधीच सांगून ठेव. लांबून येणार, उन्हाचे येणार. घर झाडून ठेवा, नीट बसवा, काही कमी पडू देऊ नका.

आत्या


आंबेपाडा,
९ एप्रिल १९९९

ति. आत्यास उज्वलाचा नमस्कार.

आत्या, लय भारी झालं! काल पाहुणे येऊन गेले. तू लिहिलं होतंस काही कमी पडू देऊ नका, बाने अख्ख्या पाड्याला ते ऐकवलं. मग काय!

आईने अंगण सारवलं. बसायला काय, हा प्रश्न होता, तर जयरामकाकाने त्याच्या दोन्ही खुर्च्या आणल्या. तो वनखात्यात आहे ना, त्याच्याकडेच खुर्च्या. मग त्याची फटफटी पण आमच्या दारात आणून लावली. म्हणाला, ‘दारात गाडी असली की घर बरं दिसतं.’ रेडिओही आणला, पण बा म्हणाला, वाजवू नको, फक्त दिसू दे. गोजराबाईने तिचा पितळी हंडा आणला, घासून असा लख्ख की त्यात तोंड दिसत होतं. तिचं बघून सगळ्याच बायांनी आणले. ओसरीवर ओळीनं हंडे, सगळे काठोकाठ भरलेले! बाया पहाटेपासून खालच्या झिऱ्यावर गेल्या होत्या, घाट उतरून. मी पण गेले.

एक चष्म्याचे काका आणि एक बाई आल्या. आईने पाय धुवायला पाणी दिलं. काकांनी पाय धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली, आणि म्हणाले, वा, गार पाणी! गोजराबाई कुडाआडून बघत होती, इतकी खूश झाली. कोंबडी केली होती, पण ते दोघंही खात नाहीत! मग जयरामकाकाकडून तूप आणलं आणि भात-वरण वाढलं. काकांनी बाला विचारलं, पाण्याचं कसं? बा म्हणाला, ‘देवाच्या दयेनं काय कमी नाय.’ विहीर कुठेय म्हणाले, बा म्हणाला, जवळच हाय. पण ऊन फार होतं, ते गेले नाहीत.

बाईंनी सगळं बारकाईनं लिहून घेतलं. मला वाटतं आपलं काम झालं. जाताना काका बाला हात जोडून म्हणाले, ‘तुमचं चांगलं चाललंय.’ बाला रात्रभर झोप नाही आली आनंदानं.

तुझी उज्वला


नाशिक,
२४ एप्रिल १९९९

उज्वला,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला.

अगं वेडे, ते घर कसं आहे ते बघायला आले होते, लग्न ठरवायला नाही! काल ट्रस्टमध्ये जाऊन आले. त्या बाईंनी कागद पुढे ठेवला. दारात मोटारसायकल. खुर्च्या, रेडिओ. पाणी भरपूर. आणि खाली शेरा, ‘निबंधातील वर्णन व प्रत्यक्ष परिस्थिती यांत तफावत.’ बाई मला म्हणाल्या, ‘मुलगी हुशार आहे, पण कल्पना रंगवून लिहिते.’ मी म्हटलं, अहो, ते सगळं उसनं होतं! त्या म्हणाल्या, असं सगळेच म्हणतात नंतर.

गरीब नाही म्हणून नाकारलं असतं तर मी गप्प बसले असते. पण त्यांनी तुला खोटी ठरवलं, त्याचा मला संताप आला. आणि स्वतःचाही आला, कारण ‘कमी पडू देऊ नका’ हे मीच लिहिलं. आपल्या माणसांना असं लिहायचं असतं का! चटणीभाकर द्या लिहिलं असतं तरी दादानं कोंबडी कापलीच असती म्हणा.

बरं, अजून दार बंद नाही. मी तिथून हललेच नाही, तेव्हा बाई म्हणाल्या, निकालानंतर जूनमध्ये मुलाखतीला पाठवा, शेवटचं. तिथे एकेक वस्तू कुणाची ते नाव घेऊन सांगायचं. काही झाकायचं नाही. कळलं?

आत्या


आंबेपाडा,
१६ मे १९९९

ति. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र मी बाला वाचून दाखवलं. त्यानं ते घडी घालून माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, ‘पाहुण्यासाठी शेजाऱ्यानं भांडं दिलं, तर ते कुणाचं हे पाहुण्याला सांगायचं नसतं. ना त्या दिवशी, ना नंतर. ते आपलंच असतं. सांगितलं म्हणजे देणाऱ्याचा हात झटकल्यागत होतं. माझ्या बानं नाय केलं, मी नाय करायचो, तू पण नाय करायचं.’

मी म्हटलं, मग मी खोटी ठरले ते चालेल? तो उठून बाहेर गेला. आई रडली.

आत्या, मला दोघांचंही पटतं, हीच अडचण आहे. जयरामकाका परवा भेटला तर हसून विचारतो, ‘काय, गाडीनं काम केलं ना?’ त्याला काय सांगू, की तुझ्या गाडीनंच घात केला? गोजराबाई रोज विहिरीत उतरतेय. काल वर आली तर तिची कोपरं सोललेली. तिनं तो लख्ख हंडा भरून माझ्यासाठी ओसरीवर मांडला होता. तिचं नाव मी परक्या माणसांपुढे पुरावा म्हणून कसं घेऊ?

मी निबंधात एक शब्द खोटा लिहिला नाही. ते आठवलं की राग येतो, इतका की पाटी फोडावीशी वाटते. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर नाशिकला तुझ्या एकटीच्या पगारावर तीन वर्षं राहणं बाला पटणार नाही. मग नर्सिंगचं तू म्हणतेस तेच बघावं लागेल. नर्सिंग वाईट नाही, तू आहेसच की. पण मग पाणी कुठे जातं ते मला कधीच कळणार नाही.

तू सांग, मी काय करू?

उज्वला


नाशिक,
२७ मे १९९९

उज्वला,

नर्सिंगचं नाव परत काढू नकोस. मी सुचवलं होतं तेव्हा तुला ते नको होतं, आता रडत रडत येणार असशील तर मला नको आहेस.

दादा म्हणतो ते मला माहीत आहे. मी पण त्याच ओसरीवर वाढले. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. तू एवढे प्रश्न विचारतेस सगळ्यांना, हा एक स्वतःला विचार. फक्त ये. पहाटेच्या एस.टी.ने ये, मी स्टँडवर उभी असेन. मुलाखत होईपर्यंत बाहेर बाकावर बसेन.

आत्या


आंबेपाडा,
२० जून १९९९

ति. आत्यास उज्वलाचा नमस्कार.

बाहेर आल्यावर तू सारखी विचारत होतीस, आत काय झालं, आणि मी नुसती रडत होते. तेवढ्यात एस.टी. लागली. तू खिडकीतून माझा हात धरून ओरडलीस, ‘अगं, हो की नाही एवढं तरी सांग!’ आणि मी मान पण हलवली नाही. राग आला असेल ना? आता सगळं लिहिते.

आधी निघतानाचं. पाड्यावरून फाट्यापर्यंत बा माझ्याबरोबर चालत आला. फाट्यावर गोजराबाई उभी! आईनं तिला सगळं सांगितलं होतं. माझ्या दंडाला धरून म्हणाली, ‘माझं नाव घे. हंडा माझा, मला कसली लाज? आन् त्या चष्म्यावाल्याला सांग, चूळ भरली ते पाणी मी घाट चढून आणलेलं.’ मी बाच्या तोंडाकडे बघितलं. बा रस्त्याकडे बघत होता. पण त्यानं नाही म्हटलं नाही.

आत तेच काका, त्याच बाई. बाई एकेक विचारायला लागल्या. मोटारसायकल? जयरामकाकाची. खुर्च्या? त्याच्याच. रेडिओ? त्याचाच, आणि त्यात सेल नव्हते. तूप? त्याचंच. हंडे? गोजराबाईचा पितळी, बाकीचे पाड्यावरच्या सगळ्यांचे. कोंबडी? मी म्हटलं, कोंबडी आमची होती, पण ती तुम्ही खाल्ली नाही. काका हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ‘मग त्या दिवशी त्या घरात तुमचं स्वतःचं होतं तरी काय?’

मी विचार केला, आत्या. खरंच काय होतं? मग म्हटलं, ‘पाहुणे. पाहुणे आमचे होते.’

बाईंनी पेन परत उचललं. मग मी एकदम खूप बोलले. म्हटलं, आमच्याकडे पाहुण्याला कमी दाखवत नाहीत, आणि उसनं कुणाचं ते सांगत नाहीत, आज मी सांगितलं ते ज्यांची भांडी त्यांनी सांग म्हटलं म्हणून. तुम्हाला खरं बघायचं असेल तर परत या, पण घरी येऊ नका. घरी आलात की परत हंडे येतील. पुढच्या एप्रिलमध्ये सरळ विहिरीवर या, न कळवता.

काकांनी चष्मा काढला. विचारलं, ‘मी पाय धुतले, ते पाणी कुठून आणलं होतं?’ मी घाटाखालचा झिरा सांगितला, आणि गोजराबाईचा निरोपही दिला, जशाच्या तसा. ते म्हणाले, ‘आणि मी चूळ दोनदा भरली.’ बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी खोडलं. काय खोडलं ते मला दिसलं नाही, फार बघावंसं वाटत होतं.

शेवटी म्हणाले, तुला काही विचारायचंय? मी म्हटलं, फुलाबाई कोण होत्या? काका म्हणाले, ‘माझी आत्या. बुटकी होती, तापट होती. अख्ख्या गल्लीत कुणाला सुईसुद्धा उसनी द्यायची नाही. म्हणून तर एवढं साठलं.’

मला हसू पण आलं आणि रडू पण. तू बाहेर विचारलंस तेव्हा मी तिथेच अडकले होते. हो की नाही, मला तरी कुठे माहीत होतं?

उज्वला


नाशिक,
३ जुलै १९९९

चि. उज्वलास,

हो.

आज काका स्वतः आमच्या हॉस्पिटलात आले. मला वाटलं पेशंट आहेत, मी त्यांना केस पेपर काढायला पाठवत होते! म्हणाले, तिन्ही वर्षांचं मंजूर झालं, मुलीला कळवा. आणि एप्रिलमध्ये विहिरीवर येणार म्हणाले, येताना प्यायचं पाणी स्वतःचं आणणार.

मी ड्यूटीवर असताना रडले. सिस्टर लोक विचारतात काय झालं, मी म्हटलं माझी भाची दगड शिकणार आहे.

तुझ्या फुलाबाईंना मी आज मनातल्या मनात नमस्कार केला. दोन आत्या लागल्या गं तुला, एक देणारी आणि एक न देणारी.

लवकर ये. गादी घेऊ नकोस, इथे आहे.

आत्या


आंबेपाडा,
११ जुलै १९९९

ति. आत्यास उज्वलाचा नमस्कार.

पाऊस नुसता कोसळतोय, त्यामुळे फाटा बंद होता. परवाच्या एस.टी.ने येते.

तू गादीसुद्धा घेऊ नकोस म्हणालीस. पण ऐक. जयरामकाकानं त्याची एक खुर्ची आणून ठेवलीय, अभ्यासाला. मी म्हटलं, काका, एस.टी.त खुर्ची कशी नेऊ? तो म्हणाला, टपावर. गोजराबाईने तिचा पितळी हंडा आणला. मी म्हटलं, अगं, आत्याकडे नळ आहे. ती म्हणाली, असू दे, उसना देतेय, बक्षीस नाही. काम झालं की परत आणून द्यायचा.

सगळ्यांनी काही ना काही आणलंय आणि सगळे तेच म्हणतात. आई म्हणाली, असं कुठं असतं, शिकायला जाणाऱ्या पोरीला कुणी उसनं देतं का? गोजराबाई म्हणाली, ‘दिलेलं घेऊन माणूस तिकडंच राहतं. उसनं घेतलं की यावं लागतं.’

बा ओसरीवर बसून पावसाकडे बघत होता. मी हे पत्र लिहितेय बघून म्हणाला, माझ्याकडून दोन ओळी लिही. तो बोलला तसंच्या तसं लिहिते.

‘ललिता, खुर्ची जयरामची हाय, हंडा गोजराबाईचा हाय. पोर माझी हाय. ती पण तुला उसनीच देतोय. पाणी कुठं जातं ते कळलं, की परत पाठव.’

तुझी उज्वला